तहानलेला मचवा

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट घसरली. फार नव्हे, वीतभरच. वर कुठंतरी दोर कचकला, पिंजरा खाली बसला आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा वर चढू लागला. एका वकिलाच्या काखेतली कागदांची पुडकी खाली पडली. टाइप करणाऱ्या बाईंनी जाळीला घट्ट धरलं, आणि मग हाताला लागलेलं काळं तेल बघून तोंड वाकडं केलं. एक शिपाई भिंतीवर आपटला. लिफ्ट चालवणारा शिवदास मात्र पडला नाही. घसरण कळायच्या आधीच त्याचे पाय फाकले होते, गुडघे ढिले झाले होते, पोट आत ओढलं गेलं होतं. हे त्यानं केलं नव्हतं. त्याला न विचारता पायांनी परस्पर केलं होतं. वकील कागद गोळा करत म्हणाले, "काय रे, होडीवर होतास की काय?" "नाही साहेब," शिवदास म्हणाला, आणि चौथ्या मजल्यावर जाळी गरजेपेक्षा जोरात ओढली.

दिवसभर तो त्या वकिलावर चरफडत राहिला. माणूस तसा निरुपद्रवी होता, सणासुदीला हातावर काहीतरी ठेवायचा. पण त्यानं नेमकं नको तिथं बोट ठेवलं होतं. मुंबईत आल्यापासून शिवदासनं समुद्राकडे पाठ करून दिवस काढले होते. फोर्टातल्या त्या इमारतीच्या गच्चीवरून बंदर दिसायचं, म्हणून तो गच्चीवर कधी फिरकला नाही. माझगावच्या खोलीत एका खिडकीतून खारा वारा यायचा, ती त्यानं खिळे ठोकून बंद केली, आणि खोलीतले बाकीचे उन्हाळ्यात त्याच्या नावानं बोटं मोडत. मासे तेवढे सुटले नव्हते. गावी जायचं झालं तर गावची सगळी माणसं आगबोटीनं जायची. हा एकटा एस.टी.नं, माणगावला गाडी बदलत, हाडं खिळखिळी करून घेत. लिफ्टची नोकरी त्याला आवडायची तीही याच कारणानं. ती वर जायची, खाली यायची. बाजूला कुठं जायची नाही. आणि आता त्याच लिफ्टमध्ये पायांनी फितुरी केली होती. इतकी वर्षं आपण बापाला अंगातून काढून टाकलं असं समजत होतो आणि बाप तळपायात दडून बसला होता, या विचारानं त्याला जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात भाऊच्या धक्क्यावरून गावचा एक माणूस खोलीवर आला. उभ्या उभ्या चहा प्यायला आणि निरोप सांगितला. "रावजीनं मचवा झापांखालनं बाहेर काढलान. अवसेच्या उधानाला पान्यात घालायचा म्हंतो. तू ये नि हात लाव, न्हायतर न्हाय म्हन. काय ते एकदाचं तोंडानं सांग म्हनालान." रावजी म्हणजे शिवदासचा धाकटा भाऊ. मचवा म्हणजे बापाचा मचवा, एका डोलकाठीचा, श्रीवर्धनची सुपारी आणि खाडीपलीकडची कौलं मुंबईला नेणारा. बाप, बुधाजी तांडेल, मचव्याचं सुकाणू धरणारा, दोन पावसाळ्यांमागं वारला, आणि तेव्हापासून मचवा किनाऱ्यावर माडाच्या झावळ्यांची झापं पांघरून पडला होता. कारण त्यांच्यात रीत होती: मालक गेला की घरातल्या थोरल्यानं नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हात लावून 'सोड' म्हटल्याशिवाय मचवा पाण्याला लावायचा नाही. थोरला शिवदास. दोन वर्षं तो गेला नव्हता, होही म्हटलं नव्हतं, नाहीही. रावजी तेवढा काळ दुसऱ्यांच्या होड्यांवर राबत होता हे शिवदासला माहीत होतं. माहीत असूनच तो गेला नव्हता.

एस.टी.त त्याला खिडकीची जागा मिळाली आणि धूळही. मचवा ठेवावा की मोडीत काढावा, याचा तो न्यायानं विचार करायला बसला. पण न्याय म्हटला की बाप आठवायचा आणि डोकं तापायचं. मचवा बाळगणं म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला सांगून कळायचं नाही. शिडात वारा भरलेला, वर पक्षी, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात मचवा वर्षातले चार महिने किनाऱ्यावर उताणा पडून खात असतो. झापं खातो, दोर खातो, तेल खातो, राळ खातो. पाण्यात असला की त्याला किडा लागतो, पाण्याबाहेर असला की ऊन लागतं. माणूस आजारी पडला तर काढा देऊन निजवता येतो. मचव्याला निजवला की तो आणखी बिघडतो. बुधाजीच्या घरी भाडं आलं की आधी मचव्याचा वाटा बाजूला निघायचा. खलाशांचे वाटे, तांडेलाचा वाटा, आणि एक मचव्याचा, जणू तोही पानावर जेवायला बसणार होता. आईच्या, सोनूबाईच्या लुगड्याला ठिगळ लागे तेव्हा शिडाला नवं कापड येई. एका वर्षी तिनं जुन्या शिडाच्या तुकड्याचं पोलकं शिवलं आणि ते इतकं राठ होतं की तिच्या काखा सोलल्या. बापानं ते बघितलं नि म्हणाला, टिकंल चांगलं. पुढं ती तापानं गेली तेव्हा बाप मुंबईच्या फेरीवर होता. आल्यावर रडला, नाही असं नाही. पण रडून झाल्यावर मचव्याच्या दोराची गाठ बघायला गेला. शिवदासनं ते पाहिलं होतं, आणि त्या दिवसापासून त्याला त्या लाकडाचा जो राग होता तो कधी शिळा झाला नाही.

म्हसळ्याच्या घाटात गाडी वळणं घेऊ लागली तेव्हा त्याच्या पोटात ढवळलं. याच ढवळण्यानं त्याचं आयुष्य ठरवलं होतं. तांडेलाचा थोरला मुलगा, पहिल्यांदा खुल्या दर्यात गेला आणि ओकायला लागला. पहिल्या दिवशी सगळेच ओकतात, हा दुसऱ्या दिवशीही ओकला, तिसऱ्या फेरीलाही. लाटेबरोबर कसं उभं राहायचं ते पाय पटकन शिकले, पण पोट कधी शिकलं नाही. बापानं त्याला कमरेला दोर लावून डोलकाठीशी बांधला. पडू नये म्हणून, असं बाप नंतर म्हणायचा. पण तेव्हा खलाशी हसत होते आणि बाप त्यांना गप्प करत नव्हता. रावजी जेमतेम पाच वर्षांचा, फळीवर बसून भाजलेले चणे खात होता, लाट आली की टाळ्या वाजवत होता. बंदराला लागल्यावर बाप म्हणाला, "ह्याला तळाला घाला. वर ह्याचं काय काम न्हाय." झालं. तेव्हापासून रावजी वर आणि शिवदास खाली. मचवा किनाऱ्यावर ओढला की शिवदासनं त्याच्या पोटाखाली पाठीवर सरपटत जायचं, कालवं खरवडायची, फटींतला कुजका कापूस आकड्यानं उपटायचा, नवा पिळून छिन्नीनं बसवायचा, वरून राळ आणि चुना. चुन्यात कालवलेलं तेल डोळ्यांत ठिबकायचं. खालची वाळू तापलेली असायची आणि वर अंधार असायचा. मान फिरवली की बाहेर माणसांचे फक्त पाय दिसायचे, त्यांत बापाचे कुठले ते तो टाचेच्या भेगांवरून ओळखायचा. ते पाय त्याच्याशी कधी थांबून बोलले नाहीत. मात्र त्या तळाची एकूण एक फट त्याच्या बोटांना पाठ झाली. ती विद्या त्याला नको होती. मुंबईत तिचा काडीचा उपयोग नव्हता, आणि तरी ती बोटांतून जात नव्हती.

हरिहरेश्वराच्या पलीकडे खाडीच्या तोंडाशी त्याचं गाव. तो पोचला तेव्हा उन्हं कलली होती आणि रावजी किनाऱ्यावरच होता. भावानं भावाला बघितलं. रावजीची पाठ बापासारखी रुंद झाली होती आणि केस कपाळावर पांढरे व्हायला लागले होते. "आलास," तो म्हणाला. "पेटीतून सुट्टी गावली म्हनायची." लिफ्टला तो पेटी म्हणायचा. पण शिवदासची नजर तोवर मचव्याच्या तळाकडे गेली होती.

रावजी फटींत कापूस ठासत होता. एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात लाकडी मोगरी, आणि घाव असे पडत होते की खाडीच्या पलीकडून आवाज परत येत होता. दोन वर्षं उन्हावाऱ्यात पडून लाकूड सुकून आकसलं होतं. दोन फळ्यांमधल्या फटींत बोट जाईल इतकी जागा पडली होती. रावजीनं त्या फटी पिळलेल्या कापसानं गच्च भरल्या होत्या, इतक्या की शिवदासनं वाकून अंगठा दाबला तर तो दगडावर दाबल्यासारखा परत आला. निम्म्याहून जास्त तळ झाला होता. काम नेटकं होतं, मन लावून केलेलं होतं, आणि साफ चुकलं होतं. कारण सुकलेल्या लाकडात कापूस असा ठासायचा नसतो. एका वर्षी बाप आजारी पडला, मचव्याला तो मोसम किनाऱ्यावर राहावं लागलं. तेव्हा बापानं आधी त्याला भरतीच्या पाण्यात उभा केला, फटी उघड्या ठेवून आत पाणी घेतलं, आणि कितीतरी भरत्या तसाच राहू दिला. "आदी पानी पाजायचं, मंग कापूस," तळाखालच्या शिवदासला तो म्हणाला होता. "तहानेल्या लाकडात कापूस ठासलास नि मंग पान्यात घातलास, तर लाकूड फुगनार, कापूस जागा देनार न्हाय. मंग फळ्या एकमेकींना ढकलतात नि खिळे उपटून येतात. एकदम न्हाय. दोन दिसांनी." त्या महिन्यात रावजी मामाबरोबर दुसऱ्या मचव्यावर शीड शिकायला गेला होता. तो नेहमी वरच होता. वारा, तारे, खडक, सगळं त्याला ठाऊक. तळ त्याला ठाऊक नव्हता. आणि गावात सांगणारं दुसरं कोण होतं? म्हातारे गेले होते, जे उरले त्यांच्या होड्या दरवर्षी पाण्यात जायच्या, दोन वर्षं सुकलेला मचवा कुणी पाण्यात घातलाच नव्हता. ज्याच्यामुळं तो दोन वर्षं सुकला तोच एकटा हे जाणत होता.

शिवदासच्या जिभेच्या टोकावर वाक्य आलं आणि थांबलं. थांबलं तेव्हा त्याला आत कुठंतरी गार वाटलं, उन्हातून सावलीत यावं तसं. मोडीत काढायची गरजच नव्हती. कुऱ्हाड नको, भांडण नको, वाटणी नको. मचवा स्वतःच्या अंगानं फुटणार होता, आणि तोही बापाच्या लाडक्याच्या हातून. "कसा झालाय?" रावजीनं विचारलं. विचारताना त्यानं वर बघितलं नाही, पण मोगरी थांबली. शिवदासला कळलं की याला खरंच विचारायचंय. "मस्त झालाय," तो म्हणाला. आणि मग, बोलायला सुरुवात झालीच होती म्हणून, पुढंही बोलला: "घे तू. मला नको वाटा. सगळा तुझा." असं म्हणून तो नाळेकडे गेला, तळहात टेकवला आणि म्हणाला, "सोड." लाकूड उन्हानं कोमट होतं. रावजी छिन्नी हातात धरून त्याच्याकडे बघत राहिला. भाऊ काही फुकट देईल यावर त्याचा विश्वास बसत नव्हता, आणि बसू नये हेच बरोबर होतं. पण दिलेलं नाकारण्याइतका तो श्रीमंत नव्हता.

घरी रावजीच्या बायकोनं, कोकिळानं, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बांगड्याचं तिखलं केलं होतं. शिवदासच्या पानात तिनं मोठा तुकडा घातला. "भावोजी, तुमी हात लावलात, आता मी मोकळी," ती म्हणाली. "दोन वर्सं हे दुसऱ्याच्या होडीत जायचे नि मी दारात बसायची. दुसऱ्याची होडी फुटकी का धड, कुनाला ठावं. आता आपलीच हाय." शिवदासनं बांगड्याचा काटा दातातून काढला. त्याचा हिशेब पक्का होता: रावजी मचवा पाण्यात घालणार, खाडीतच चार-सहा दिवस नांगरून ठेवणार, माल गोळा होईस्तोवर. त्या दिवसांत फळ्या उघडतील आणि मचवा कमरेएवढ्या पाण्यात गुमान बसेल. माणसांना काही होणार नाही, लाकूड तेवढं मरेल. इतकं स्वच्छ त्याला कधी काही वाटलं नव्हतं. त्या आनंदाची त्याला शरम वाटली नाही हेही खरंच आहे. इतक्या वर्षांनी त्याला तो आनंद हक्काचा वाटत होता.

तिसऱ्या दिवशी श्रीवर्धनहून करमअली आला. सुपारीचा व्यापारी, डोक्यावर टोपी, अंगावर स्वच्छ कुडता, आणि चालणं मोजकं. त्यानं मचव्याभोवती एक फेरी मारली आणि ओटीवर बसून कोरा चहा घेतला. "रावजी, तुझ्या बापानं माझ्या वालिदचा माल नेलाय, म्हणून तुला इचारलं. न्हायतर आता मोटारी झाल्यात, सकाळी भरली की मुंबईला. पण मोटारीत सुपारी हिंदकळते, पोती फाटतात. तर ऐक. उद्या उधान. पाण्यात घातलास की लगेच भरायचा. माल खाडीवर आणून ठेवलाय मी. भरला की त्याच वाऱ्यावर सुटायचं ते थेट मुंबई, मधी कुठं थांबायचं न्हाय. उधान चुकलं तर मला थांबता येनार न्हाय, मोटार तयार हाय." रावजी म्हणाला, "चुकायचं कशाला?" शिवदास दारात उभा होता. त्यानं चौकट धरली.

म्हणजे खाडीत नाही. म्हणजे भरल्या मचव्यात, मालाच्या ओझ्याखाली, जंजिऱ्याच्या पुढं कुठंतरी खुल्या दर्यात लाकूड फुगणार होतं. रावजी आणि त्याच्याबरोबरचे गडी. त्यांतले दोघं तर ज्यांच्या लग्नात तो जेवला होता असे. तो परसात गेला, माडाच्या बुंध्याशी उभा राहिला आणि त्याला खरंच ओकारी आली. लाकूड मरणार म्हणून जो माणूस सुखानं जेवला होता त्याला आता लाकडाबरोबर माणसं मोजावी लागत होती. आणि त्याला आणखी एका गोष्टीचा राग आला: की सांगावं लागणार. हा मचवा इतका हलकट होता की मरतानाही त्याला शिवदासकडून सेवा हवी होती.

संध्याकाळच्या जेवणाला तो बोलला. "रावजी, तो उद्या घालू नको. आधी त्याला पाणी पाजायला हवं. कापूस काढ, फटी उघड्या ठेव, दहा-बारा भरत्या जाऊ देत. असाच घातलास तर फुगून फुटेल."

रावजी जेवत राहिला. घास गिळला, पाणी प्यायला. "परवा मस्त झालाय म्हनालास."

"म्हणालो."

"परवा मस्त, आज फुटनार. मधल्या वक्ताला काय झालं, दादा? करमअली आला, माल ठरला, म्हंजे माजं बरं व्हायला लागलं. तेवढंच झालं ना?"

"परवा मी खोटं बोललो."

"कशापायी?"

शिवदासनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. खरं उत्तर ताटात ठेवण्यासारखं नव्हतं. कोकिळा चुलीपाशी थांबून दोघांकडे बघत होती.

"परवा खोटं बोललास म्हंतोस. मंग आज कशावरनं खरं?" रावजीचा आवाज चढला नाही, तो बापासारखा सपाट झाला. "बा गेला तवा आला न्हाईस. दोन वर्सं मचवा वाळत ठेवलास, मी लोकांच्या होड्या पुसल्या. तुला तो मोडायचाच हाय. नदरेतच दिसतं तुज्या, ल्हानपनापास्नं. तळाला काय कळतं ते तुलाच कळतं, व्हय ना? आमाला सारं आयतं आलं."

"तळाला मीच होतो," शिवदास म्हणाला. "तू नव्हतास."

"मंग चल उद्या. बस माज्यासंगं मुंबईपातूर. फुटला तर दोगंबी बुडू."

शिवदासनं ताट पुढं सरकवलं. बसला असता तर मचवा धड आहे असंच ठरलं असतं, आणि नाही बसला तर तो जो होता तोच ठरत होता, डोलकाठीला बांधलेला. दोन्हीकडून वाट बंद होती आणि ती त्यानं स्वतःच्या हातानं बंद केली होती. रावजी हात धुवायला उठला. "हात तू लावलास, सोड तू म्हनालास," तो म्हणाला. "आता ते परत घेता यायचं न्हाय."

सकाळी रावजी गड्यांना घेऊन पलीकडच्या धक्क्यावर करमअलीची पोती मोजायला गेला. भरती दुपारची होती. मचवा ओंडक्यांवर चढवलेला, नाळ पाण्याकडे, तळाला नवा चुना, गळ्यात झेंडूची माळ. शिवदास किनाऱ्यावर आला तेव्हा त्याच्या हातात पडवीतला जुना आकडा होता. त्यानं सदरा काढून दगडावर ठेवला, पाठीवर पडला आणि खाली सरकला. वाळू गार होती. चुन्याचा वास नाकात बसला आणि त्याचं सगळं अंग आखडलं. मग त्यानं मधल्या फळीची फट बोटानं शोधली, जिथं पूर्वी असायची तिथंच ती होती, आणि आकडा रुतवला. कापूस निघेना. रावजीनं जीव लावून बसवला होता. त्यानं दोन्ही हातांनी हिसका दिला, राळ फुटली आणि कापसाची पीळदार वात त्याच्या तोंडावर आली. पुढं ते सोपं झालं. फट उघडत गेली, एक झाली की दुसरी. चुन्याचे पापुद्रे डोळ्यांत पडत होते, बोटं सोलली होती, आणि तो दात खाऊन ओढत होता. आईच्या काखा, खलाशांचं हसणं, टाचेच्या भेगा, सगळं त्या कापसाबरोबर बाहेर येत होतं. मध्येच त्याला ऐकू आलं की आपण हसतोय. तो क्षणभर थांबला, मग पुन्हा ओढायला लागला.

कोकिळानं बघितलं. ती ओरडली नाही. वळून धक्क्याकडे पळत सुटली. रावजी आला तेव्हा पाण्याची पहिली जीभ ओंडक्यांना लागली होती. त्यानं वाकून खाली बघितलं, आणि भावाचा घोटा धरून त्याला फरफटत बाहेर काढलं. पाठ वाळूवर सोलपटली. रावजीनं त्याच्या तोंडात मारली, एकदा, उघड्या हातानं, आणि मग दुसऱ्यांदा मुठीनं. शिवदासनं हात उचलला नाही. "बघ तरी," तो म्हणाला, आणि ओठातून रक्त आलं. "मी फक्त तळ उघडलाय. फळी एकसुद्धा मोडली नाही. त्याला पाणी पिऊ दे. पुढच्या उधाणाला मी स्वतः कापूस बसवून देतो. माझ्या हातानं."

"पुडल्या उधानाला," रावजी म्हणाला. तो उघड्या फटींकडे बघत होता. त्याच्या मागं गडी उभे होते, आणि त्यांच्या मागं, जरा लांब, करमअली, एका हातानं कुडता पाण्यापासून वर धरून. करमअलीनं आकाशाकडे बघितलं, मग मचव्याकडे, आणि मान हलवून वळला. त्या मान हलवण्यात राग नव्हता, म्हणूनच रावजीला ते झोंबलं असावं. तो गुडघाभर पाण्यात गेला, नाळेवरची माळ ओढून तोडली आणि पाण्यात टाकली. "तुजा मचवा," तो म्हणाला. "वाटा नको म्हनालास ना? आता सगळाच तुजा. मी सोडला." मग त्यानं करमअलीला हाक मारून विचारलं, "शेट, मोटारीवर हमाल लागंल का?" करमअली थांबला आणि म्हणाला, "चल."

पाणी वाढलं. रावजी गड्यांबरोबर रस्त्याकडे गेला, त्याची रुंद पाठ माडांमध्ये दिसेनाशी झाली. शिवदास पाण्यात उभा राहिला आणि मचव्याच्या काठाला धरून आत डोकावला. फटींमधून पाणी आत येत होतं, कुठं धारेनं, कुठं नुसतं झिरपत. उन्हानं पांढरी पडलेली फळी पाण्याच्या रेघेपर्यंत काळी होत गेली. आता कुणीतरी इथं असायला हवं होतं: भरतीला पाणी घ्यायला, ओहोटीला मचवा कलू नये म्हणून टेकू द्यायला, ऊन तापलं की वरच्या फळ्यांवर पाणी मारायला, मग कापूस पिळायला, राळ तापवायला. तो सगळं बिनचूक जाणत होता. या मचव्याला त्याच्याइतकं कोणी ओळखत नव्हतं, आणि याचा त्याला इतका संताप आला की त्यानं काठावर मूठ आपटली.

कोकिळा ओल्या वाळूवरून खाली आली. डोक्यावर पदर, डोळे सुजलेले, पण ती रडून मोकळी झाली होती. काही पावलांवर ती थांबली. "ते मोटारीसंगं गेले," ती म्हणाली. "मुंबईतच काम बघतो म्हनाले. आता दर्याचं नाव काढनार न्हाय म्हनाले." शिवदास तिच्याकडे न बघता पाण्याकडे बघत राहिला. लाटा त्याच्या कमरेला लागत होत्या आणि त्याचे पाय वाळूत फाकून घट्ट उभे होते.

"भावोजी, मला एकच सांगा," ती म्हणाली. "खरंच फुटला असता?"

काल तो छातीवर हात ठेवून हो म्हणाला असता. त्याला बापाचा शब्द अन् शब्द आठवत होता. पण आता तोंड उघडताना त्याला आठवलं ते आपलं हसणं. कापूस उपटताना त्याला जो आनंद झाला होता तो कुणाला वाचवण्याचा नव्हता. तो तोच होता, 'मस्त झालाय' म्हणतानाचा. एका अंगानं तो मचवा मोडत होता आणि एका अंगानं राखत होता, आणि हात दोन्हीला एकच होता. कुठलं खरं हे त्या हातालाही सांगता आलं नसतं.

"व्हय," तो म्हणाला. मुंबईत गेल्यापासून हा शब्द त्याच्या तोंडातून पहिल्यांदा आला.

कोकिळानं त्याच्या फुटलेल्या ओठाकडे आणि सोललेल्या बोटांकडे नीट बघितलं. तिला विश्वास ठेवायचा होता, हे दिसत होतं. "असंलही," ती म्हणाली. "पन आता ते कुनाला कवा कळनार?"

उत्तराची वाट न बघता ती घराकडे गेली. शिवदासनं वाकून फळीवर हात ठेवला. लाकूड अजून पाणी पीत होतं.